एक किलो ज्वारीसुद्धा दळून देणारी गिरणी

काळाचौकीहून लालबागच्या बाजाराकडे येताना, मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर ही गिरणी आहे. पाटीवर नाव नाही. निळ्या रंगात ‘पिठाची गिरणी’ एवढंच लिहिलंय. ‘पिठाची’ हा शब्द आमच्या भागात लिहावाच लागायचा, कारण इथे नुसतं गिरणी म्हटलं की कापडाची. माझे वडील अशाच एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते त्या दरवाज्यातून पुन्हा आत गेले नाहीत. त्या जागेवर आता टॉवर उभा आहे. पिठाची गिरणी मात्र चालू आहे, आणि गेले चौदा महिने आमच्या घरातलं जेवण तिच्या जिवावर चाललंय. म्हणून हे लिहायला बसलो.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, वडाळा आगारात. पाळीतल्या माणसाचं खाणं कसं असतं ते पाळी केलेल्यालाच कळेल. पहाटेची पाळी असली की साडेतीनला उठायचं, चहा आणि खारी. दोन फेऱ्या झाल्या की चौकीवर वडापाव. मग चहा. फेरी उशिरा आली की पुन्हा चहा. दिवसाला सात-आठ तरी व्हायचे, आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. हिने दिलेला डबा दुपारी तीनला उघडायचा, तोवर भूक मेलेली असायची. अशी तीस वर्षं गेली. २०२१ मध्ये निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी साखर निघाली. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.९.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. पालिकेचं मोठं रुग्णालय, बाहेर शंभर माणसं बसलेली, तरी त्या बाईंनी मला दहा मिनिटं दिली. तीन दिवस काय काय खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं होतं. मी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. त्यांनी पेन्सिलीने चहा, पाव आणि रात्रीच्या भाताभोवती गोल केले आणि एकच विचारलं, “घरात भाकरी होते का?”

होत नव्हती. आम्ही माण तालुक्यातले, सातारा जिल्हा. ज्वारी-बाजरीचाच मुलूख. आईच्या हयातीत आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत रोज सकाळी भाकऱ्यांची चळत पडायची. पण हिचे गुडघे धरले, ओट्याशी उभं राहणं होईना, आणि हळूहळू भाकरीच्या जागी भात आला आणि कोपऱ्यावरचा पाव आला. हा बदल कधी झाला ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. वरण, भात, पालेभाजी, पिठलं हे महिनाभरात जमलं. अडलं ते भाकरीवर.

मी मॉलमधून ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं होतं. छान छापील पाकीट. पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं, थापायला लागलो की कडेपासून चिरा. उचलली की मधून दोन तुकडे. तीन दिवस हाच प्रकार. चौथ्या दिवशी ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. मी परात पुढे केली. तिने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाली, “अहो, तुमच्या हाताचा दोष नाही. पिठाची विरी गेलीय.”

हा शब्द मी आईच्या तोंडून ऐकला होता, अर्थ मात्र आता कळला. गव्हात चिकट प्रथिन असतं, त्याने कणीक ताणली तरी धरून राहते. ज्वारीत ते नसतं. तिचं पीठ चिकटतं ते ताजेपणावर, कढत पाण्यावर आणि तळहाताच्या रेट्यावर. दळून जितके दिवस जातील तितका तो चिकटपणा कमी होतो, आणि मग कितीही मळा, भाकरी चिरणारच. पाकीट उलटं करून तारीख पाहिली. भरून अडीच महिने झाले होते.

मग धान्य आणून दळायचं ठरवलं. घराजवळच्या एका गिरणीत गेलो, तिचं नाव घेत नाही. तिथे पाच किलोच्या खाली दळण घेत नाहीत. त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. दळणाला यंत्र चालू-बंद करायचं, आधीचं पीठ साफ करायचं, आणि किलोभरासाठी सुटणार किती? पण आमच्या घरात दोन माणसं. पाच किलो ज्वारी महिनाभर पुरते. पहिले आठ-दहा दिवस भाकऱ्या बऱ्या झाल्या, पुढे पुन्हा चिरायला लागल्या. त्यात ऑगस्टचा ओलावा. डब्यातल्या पिठाने जाळी धरली. दीड किलो पीठ टाकून द्यावं लागलं. ७२ च्या दुष्काळात गावी रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी यायची. तिच्या भाकरीला ना चव ना रंग, पण आई सांगायची की त्याचाही कण कुणी सांडत नव्हतं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ते पीठ कचऱ्यात ओतताना मला फार वाईट वाटलं.

या गिरणीत मी गेलो तो शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून. पाच किलोचा डबा उचलून नेला होता. चालवणारे चाळिशीतले आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. डबा वजनावर ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, “काका, घरात किती माणसं?”

“दोन.”

“मग एवढी नका दळू. एक किलो दळतो, बाकीची परत न्या. संपली की या.”

मी म्हटलं, “एक किलो तुम्हाला परवडतं?”

“एकट्या तुमचं नाही परवडत. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी सकाळी या, तेव्हा ज्वारीची पाळी असते.”

ही पाळीची पद्धत हीच या गिरणीची खरी करामत आहे, म्हणून ती नीट सांगतो. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी फक्त ज्वारी, तिच्या मागून बाजरी, आणि शेवटी नाचणी. दहा-पंधरा जणांचे किलो-दोन किलोचे डबे रांगेने लागतात आणि एकामागून एक दळले जातात. मध्ये धान्य बदलत नाही, त्यामुळे दगड साफ करायला वेळ जात नाही आणि कुणाच्या ज्वारीत कुणाचा गहू येत नाही. पाळी सुरू होण्याआधी भाऊ स्वतःची दोन मुठी ज्वारी घालून दगड धुऊन घेतात, ते पीठ वेगळ्या डब्यात जातं. गहू दुपारनंतर आणि बाकीच्या दिवशी. डाळी, म्हणजे बेसन, शनिवारी. उपासाचं, राजगिरा आणि वरी, बुधवारी सकाळी दगड पूर्ण उघडून झाडल्यावर, आणि तेही आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर.

ही रीत त्यांच्या वडिलांची. एकदा रांगेत उभा असताना भाऊंनीच सांगितलं. या भागात तेव्हा घरोघरी खानावळी होत्या. गावाहून आलेले एकटे गिरणी कामगार पाळी संपवून ठरलेल्या घरी जेवायला जायचे, आणि त्या बाया पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या. हातात पैसा नाही, साठवायला जागा नाही. दोन किलो ज्वारी उधारीवर आणायची, दळायची, त्याच दिवशी संपवायची. अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते इथल्याच खानावळवाल्यांना घेऊन. माझे वडीलही लग्नाआधी अशाच एका मावशींकडे जेवायचे. त्या मावशींच्या भाकरीची आठवण ते म्हातारपणीही काढायचे, आणि आईला त्याचा राग यायचा. आता वाटतं, मावशींच्या हाताला चव होतीच, पण पीठही त्याच सकाळचं असायचं. गिरण्या गेल्या, खानावळी गेल्या, पण ही रोजच्या रोज दळायची सवय या एका गाळ्यात राहिली.

मी पहिला किलो आणला तो शुक्रवार होता. पीठ डब्यात गरम होतं. भाऊंनी बजावलं होतं, झाकण लावू नका, घरी गेल्यावर कागदावर पसरा, गार झालं की भरा, नाहीतर वाफ धरते आणि त्यानेच पुढे जाळी होते. मी तसं केलं. आधण ठेवलं, कढत पाणी पिठात मधोमध ओतलं, उलथन्याने कालवलं, हाताला सोसेल एवढं झाल्यावर तळहाताच्या टाचेने रगडलं. ही खुर्चीतून सांगत होती. “अजून मळा. अजून. आता हाताला पाणी लावा. गोळा गोल करा, कडा आधी बोटांनी दाबून घ्या. परातीत पीठ भुरभुरवा. थापताना भाकरी फिरली पाहिजे, तुम्ही नाही.” भाकरी परातीत फिरली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, सुकत आली तशी उलटली, मग सरळ आचेवर धरली. आणि ती फुगली. पूर्ण, टम्म. पापुद्रा सुटला. मी बासष्ट वर्षांचा माणूस, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली भाकरी आम्ही दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली, नुसती, तेल-मीठ-चटणीबरोबर.

आता दर कसे आहेत ते. मी हे लिहितोय त्या आठवड्यात गहू किलोला ८ रुपये, ज्वारी, बाजरी, तांदूळ १०, नाचणी १२, डाळ १२, भाजणी १५. मोबाइलवरून पैसे घेतात. वजन दळायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा समोर करतात. किलोमागे वीस-तीस ग्रॅम घट येते, त्याहून जास्त आली तर ते स्वतःच्या डब्यातून भरून देतात. ज्वारी मी लालबागच्या बाजारातून आणतो. दुकानदाराला शाळू मागायचा, म्हणजे रब्बीची ज्वारी. मालदांडी मिळाली तर उत्तम, दाणा मोत्यासारखा पांढरा आणि टपोरा असतो. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. पावसाळी हंगामाच्या ज्वारीचा दाणा बऱ्याचदा काळवंडलेला असतो, भाकरीला ती गोडी येत नाही. भाऊ डब्यात हात घालतात आणि दाणा बघूनच सांगतात, “काका, या वेळी तुम्हाला जुनं दिलंय.”

‘बारीक की जाड?’ हा प्रश्न इथे खरोखर विचारला जातो आणि उत्तराप्रमाणे दगड खालीवर होतो. भाकरीला बारीक. थालिपिठाला किंचित रवाळ. लाडवाच्या बेसनाला जाड. नाचणीच्या आंबिलीला अगदी मऊ, नाहीतर तळाशी बसते. मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन सावलीत सुकवून न्यावा लागतो, आणि त्यासाठी गणपतीच्या आधी दोन दिवस वेगळे ठेवलेले असतात. अनारशाचे ओले तांदूळ मात्र घेत नाहीत, ते दगडाला चिकटून बसतात.

बाजरीचं मी इथेच शिकलो. बाजरीत तेलाचा अंश ज्वारीपेक्षा बराच जास्त, पाच टक्क्यांच्या वर, म्हणून पीठ लवकर खवट होतं, कडू लागतं. भाऊ अर्धा किलोसुद्धा दळून देतात आणि सांगतात, चार-पाच दिवसांत संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वाटाणा, हरभरा, गाजर, वांगं घातलेली मिसळीची भाजी झाली. हिने त्या दिवशी पहिल्यांदा उभं राहून भाजीला फोडणी दिली.

आमचं रोजचं खाणं आता कसं आहे ते थोडक्यात. सकाळी नाचणीची आंबील, ताक घालून, किंवा एक थालीपीठ आणि दही. चहा दोनदा, साखर अर्धा चमचा, आणि ती अर्धी करायला मला पाच महिने लागले. दुपारी दोन भाकऱ्या, पालेभाजी, मुगाची नाहीतर मटकीची आमटी, कच्चा कांदा किंवा काकडी. अंबाडी मिळाली की अंबाडी, चाकवत मिळाला की ताकातला चाकवत, नाहीतर मेथी आणि चवळई आहेच. रात्री एक भाकरी आणि जे उरलं असेल ते, आठच्या आत. रविवारी बांगडा, तव्यावरचा. भात सोडलेला नाही, शनिवारी वरण-भात-तूप-लिंबू असतोच. नातू बदलापूरहून आला की दूध-भाकरी कुस्करून गूळ घालून खातो आणि वाडगं चाटून ठेवतो.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण हल्ली मोबाइलवर ज्वारीबद्दल वाट्टेल ते फिरतं. भाकरी हे औषध नाही. मॅडमच्या भिंतीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांचा तक्ता होता, त्यांनी मला तो वाचून दाखवला. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू १० ग्रॅमच्या आसपास. बाजरीत ११. आणि अख्ख्या गव्हात? तेही ११. म्हणजे घरी गहू आणून, दळून, न चाळता केलेली पोळी भाकरीच्या खाली नाही. खाली आहे तो पांढरा तांदूळ, जेमतेम ३, आणि मैद्याचा पाव. नाचणीचं मोठेपण कॅल्शियममध्ये, १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम, तर तांदळात ८ सुद्धा नाही. बाजरीत लोह साडेसहाच्या जवळ, ज्वारीत चारच्या. हे सगळं सांगून त्या म्हणाल्या, “पण चार भाकऱ्या खाल्ल्यात तर साखर वाढणारच. मोजून खा, आणि ताटात भाजी भाकरीपेक्षा जास्त पाहिजे.” संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात. मी काट्यावर मोजून पाहिलं. आम्ही पूर्वी दोघांत मिळून तेवढी खात नव्हतो.

माझी सरासरी आता ६.८ आहे. त्यात गोळ्यांचा वाटा आहे, राणीच्या बागेपर्यंतच्या रोजच्या चालण्याचा आहे, आणि चहाचा आहे. भाकरीचा किती, ते वेगळं काढून सांगता येणार नाही, आणि गिरणीमुळे साखर उतरली असं मी म्हणणार नाही. गिरणीमुळे भाकरी रोज होते, एवढंच म्हणतो. ज्या घरात थापणारा हात कच्चा आहे, तिथे पीठही जुनं असलं तर माणूस आठ दिवसांत हरतो आणि पाव आणतो. मी तसाच हरणार होतो.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून दुकानात ज्वारीची बिस्किटं, नाचणीच्या चकत्या भरपूर आल्यात. सुनेने प्रेमाने आणली होती. मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिला शब्द मैदा, दुसरा साखर. तिला मी रागावलो नाही, भाजणी दिली. ती भाजणी ही सांगते आणि मी भाजतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, थोडे उडीद, धणे, जिरे, प्रत्येक वेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत. भाजलेलं धान्य पूर्ण गार करून मगच गिरणीत न्यायचं. भाजणीची वेळ रात्री आठनंतर, शेवटचं दळण. त्या वेळी गल्लीत जो वास सुटतो तो घेण्यासाठी मी मुद्दाम थांबतो.

आता तक्रारी. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते. छिन्नीने नवे घाव घालतात, त्याशिवाय धान्य नीट फुटत नाही. त्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाचा कण येऊ शकतो. भाऊ आधी स्वतःची कणी दळून टाकतात, तरी एकदा माझ्या भाकरीत कचकच आली. हिच्या दाताला लागली. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर माझ्याकडून पैसे न घेता नवी ज्वारी दळून दिली, पण टाकीचा दिवस फळ्यावर लिहा म्हणून मी चार वेळा सांगितलंय, अजून लिहीत नाहीत. तेव्हा जाताना आपणच विचारायचं, आणि टाकी कालच लागली असेल तर दळण उद्यावर टाकायचं.

दुसरी तक्रार त्यांच्यासाठीच आहे. आत पीठ इतकं उडतं की त्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात. तोंडावर फक्त उपरणं. बाहेर हवा फेकणारा पंखा नाही. रोज आठ तास ती धूळ छातीत जाते. दम्याच्या माणसाने आत उभं राहू नये, डबा ठेवून बाहेरच्या ओट्यावर बसावं. मी त्यांना दोन वेळा चांगले मास्क नेऊन दिले, एक आठवडा वापरले. हे मी इथे लिहितोय ते त्यांच्या मुलीने वाचावं म्हणून, ती बारावीला आहे आणि बापाला ऐकवू शकते.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पाळीची पद्धत मोडते. चकलीची भाजणी आणि बेसन यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत जाते, आणि किलोभर ज्वारीवाल्याला दोन तास थांबावं लागतं. त्या दिवसांत मी आधीच दोन किलो दळून अर्धं फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिजमधलं पीठ बाहेर काढून तासभर ठेवायचं आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त कढत घ्यायचं, मग चालतं. ताज्यासारखं नाही, पण चालतं.

आमच्या मजल्यावर एकांनी घरघंटी घेतली आहे. यंत्र चांगलं आहे, हवं तेव्हा हवं तेवढं दळतं, आणि ज्यांना गव्हाचा कणही चालत नाही अशा माणसाच्या घरी तेच योग्य. गिरणीतल्या दगडात कितीही झाडलं तरी आधीचं थोडं राहतंच. पण त्याचे पैसे आणि जागा दोन्ही आमच्याकडे नाही, आणि त्यातली ज्वारी मला थोडी रवाळ वाटली.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा टाकीच्या फळ्यासाठी कापलाय, फळा लागला की देईन.

चाळ पुनर्विकासात जाणार आहे. तळमजल्यावरच्या बाकीच्या गाळ्यांना नव्या इमारतीत जागा ठरली आहे. गिरणीचं अडलंय, कारण वर राहणाऱ्या काहींना आवाज आणि पीठ नको. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. बंद खोली, धूळ ओढणारा पंखा आणि यंत्राखाली रबराचे जाड तुकडे एवढं केलं तर दोन्ही बाजूंचं भागेल असं आम्ही सतरा गिऱ्हाइकांनी सह्या करून सोसायटीला लिहून दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही. या भागातल्या ज्यांचं दळण इथे असतं त्यांनी गिरणीत ठेवलेल्या वहीत नाव आणि खोली क्रमांक लिहावा. वही वजनकाट्याच्या बाजूला, खिळ्याला टांगलेली आहे.

वेळ सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ. सोमवारी संध्याकाळी बंद. डबा कोरडा न्या, आत चिठ्ठीवर नाव, धान्य आणि बारीक की जाड ते लिहा. ज्वारीसाठी मंगळवारी किंवा शुक्रवारी साडेनऊच्या आत पोहोचा. मी तिथे ओट्यावर असतोच.